नवा ब्राउझर केव्हा द्यावा? मुदतींच्या मेळाचा एक प्रश्न

इंटरनेट बँकिंगविषयी शाखेत येणाऱ्या विचारणांमध्ये एक प्रकार असा असतो, की ज्याचा बँकेशी थेट संबंध नसतो. "कालपर्यंत पान नीट उघडत होते, आज संगणकाने आपणहून काहीतरी नवे बसवले आणि सगळेच बदलले," असे ग्राहक सांगतात. जबलपूरसारख्या शहरात आयुध निर्माणी, रेल्वे आणि वीज मंडळातून निवृत्त झालेल्या अनेक मंडळींनी साठीनंतर संगणक शिकून घेतला आहे. कोणते बटण कोठे आहे हे त्यांनी पाठ केलेले असते. कित्येकांनी वहीत क्रमवार लिहूनही ठेवलेले असते. बटण हलले की त्यांच्या लेखी बँकच हलते. वस्तुतः बँक जागेवरच असते, बदललेला असतो तो ब्राउझर. हा बदल कोण ठरवते आणि तो केव्हा करायचा याचा हिशेब कसा मांडला जातो, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संगणकाच्या यंत्रसामग्रीला कामाला लावणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, आणि इंटरनेटवरील पाने दाखवणारी आज्ञावली म्हणजे ब्राउझर. ग्राहक बहुधा ब्राउझर निवडत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर जो येतो तोच वापरतो. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम तयार करणाऱ्याने कोणता ब्राउझर सोबत द्यायचा, जुना व सिद्ध झालेला की नवा व अर्धवट पारखलेला, हा निर्णय कोट्यवधी लोकांच्या वतीने घेतलेला असतो. अडचण अशी की या दोन वस्तू दोन वेगळ्या संस्था वेगवेगळ्या वेळापत्रकांनी तयार करतात. दोन्ही घड्याळांचे काटे क्वचितच जुळतात.

एप्रिल २००८ चा निर्णय

याचे सर्वांत बोधक उदाहरण लिनक्स परिवारातील उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमचे आहे. लंडनस्थित कॅनॉनिकल कंपनी दर सहा महिन्यांनी तिची नवी आवृत्ती प्रसिद्ध करते आणि साधारणतः दोन वर्षांनी एक आवृत्ती 'दीर्घकालीन आधार' असलेली असते. २४ एप्रिल २००८ रोजी प्रसिद्ध झालेली ८.०४ ही अशीच आवृत्ती होती. मेजावरील संगणकासाठी तीन वर्षे आणि सर्व्हरसाठी पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या पुरवण्याचे वचन तिच्यासोबत दिलेले होते.

त्या सुमारास मोझिला संस्थेचा फायरफॉक्स २ हा ब्राउझर सर्वत्र रुळलेला होता. फायरफॉक्स ३ ची बांधणी आतून-बाहेरून नवी होती, पण काम अपुरे होते. त्याची पाचवी चाचणी आवृत्ती, म्हणजे 'बीटा ५', २ एप्रिल २००८ रोजी आली होती आणि अंतिम आवृत्तीची तारीख उबुंटूच्या तारखेपूर्वी येणार नाही हे स्पष्ट होते.

कोणताही सावध अधिकारी म्हणेल, की तीन वर्षे टिकवायच्या वस्तूत अपुरा माल कशाला घालायचा? जुना सिद्ध ब्राउझरच द्यावा. परंतु येथे बँकेतील माणसाने कर्जप्रस्तावाची फाईल उघडून पाहावे तशी मुदत तपासली पाहिजे. नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर जुन्या आवृत्तीला फक्त सहा महिने सुरक्षा दुरुस्त्या देण्याची मोझिलाची रीत होती. म्हणजे फायरफॉक्स २ ची उरलेली मुदत होती जेमतेम आठ महिने, आणि वचन होते तीन वर्षांचे. तीन वर्षांच्या कर्जाला आठ महिन्यांत निरुपयोगी होणारे तारण घेतल्यासारखे ते झाले असते. ॲसेट-लायबिलिटी मेळाचा जो पाठ आपण बँकेत गिरवतो, तोच हा पाठ होय. प्रत्यक्षात फायरफॉक्स २ ची अखेरची दुरुस्ती १८ डिसेंबर २००८ रोजी आली. त्यानंतर उरलेल्या अडीच वर्षांत सापडणारे प्रत्येक सुरक्षाछिद्र बुजवण्याची जबाबदारी कॅनॉनिकलच्या मोजक्या अभियंत्यांवर पडली असती, आणि तीही दुसऱ्याने लिहिलेल्या व टाकून दिलेल्या आज्ञावलीत.

त्यात नावाचाही एक पेच होता. 'फायरफॉक्स' हे नाव व चिन्ह मोझिलाच्या मालकीचे असल्याने आज्ञावलीत परस्पर दुरुस्त्या करून ती त्याच नावाने वाटता येत नसे. याच वादातून डेबियन या लिनक्स वितरणाने २००६ साली तोच ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने देण्यास सुरुवात केली. मूळ नाव पुन्हा स्वीकारले गेले ते २०१६ साली.

तेव्हा उबुंटू ८.०४ मध्ये फायरफॉक्स ३ चा बीटा ५ घालण्यात आला. पुढच्याच महिन्यात, १३ मे २००८ रोजी, रेड हॅटच्या पाठिंब्याने चालणाऱ्या फेडोरा ९ मध्येही हाच बीटा होता. फायरफॉक्स ३ अखेर १७ जून २००८ रोजी प्रसिद्ध झाला आणि चोवीस तासांत ८० लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेल्यामुळे गिनीज विक्रमांत नोंदला गेला. उबुंटूच्या वापरकर्त्यांना तो नेहमीच्या दुरुस्तीतून मिळाला, आणि ३ जुलैच्या ८.०४.१ या सुधारित चकतीत बीटाची जागा अंतिम आवृत्तीने घेतली.

कागदावर हा हिशेब चोख आहे. परंतु मधल्या आठ आठवड्यांत त्याची किंमत कोणी मोजली? एक तर, जुन्या ब्राउझरसाठी तयार झालेली अनेक पूरक साधने नव्यात चालत नव्हती. दुसरे असे की नवा ब्राउझर भेट दिलेल्या पानांची नोंद एका लहान डेटाबेसमध्ये ठेवत असे आणि ती नोंद तत्काळ डिस्कवर उतरवण्याचा आग्रह धरत असे. लिनक्सच्या तेव्हाच्या प्रचलित फाईल-व्यवस्थेत अशा आग्रहामुळे इतर सर्व रखडलेले लेखनही एकदम डिस्कवर उतरवावे लागे आणि संगणक काही क्षण ठप्प होई. कॅनॉनिकलने जुना फायरफॉक्स २ भांडारात वेगळा ठेवून परतीचा रस्ता मोकळा ठेवला होता, हे मान्य. पण तो रस्ता ठाऊक असणारा वापरकर्ता आणि नवशिका वापरकर्ता या दोन निराळ्या जाती आहेत.

आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट होती. त्या काळी कॅनॉनिकल उबुंटूची चकती टपालाने विनामूल्य पाठवत असे. ही योजना २०११ साली बंद झाली. २००८ सालच्या जबलपुरात टेलिफोनच्या तारेवरून येणारे ब्रॉडबँड बहुधा मोजूनमापून मिळणारे होते. लंडनमध्ये ज्याला 'दोन महिन्यांनी दुरुस्ती मिळेलच' असे म्हणता येत होते, ते येथे प्रत्येकासाठी खरे नव्हते. चकतीवर आलेला बीटा कित्येकांच्या संगणकावर बीटाच राहण्याचा संभव होता. निर्णय घेणाऱ्याच्या मनातला ग्राहक आणि प्रत्यक्ष ग्राहक यांत असे अंतर असते.

तरीही एका बाबतीत हा निर्णय मराठी वाचकाच्या पथ्यावर पडला. फायरफॉक्स ३ ची चित्रण-यंत्रणा नव्याने बांधलेली होती आणि लिनक्सवर मजकूर मांडण्यासाठी ती 'पँगो' या बहुलिपी-सक्षम साधनाचा उपयोग करत असे. त्यापूर्वी देवनागरी नीट दिसणे हे वितरकाने केलेल्या जुळवाजुळवीवर अवलंबून होते. ती नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाई आणि जोडाक्षरे पाय मोडून पडत. जुन्या ब्राउझरला चिकटून राहणे म्हणजे ही गैरसोयही तीन वर्षे चालू ठेवणे होते. फेडोरासारख्या वितरणांतील 'लोहित' या भारतीय लिपींच्या टंकांच्या कामात पुण्यातील रेड हॅट कार्यालयातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

माझ्या मते हा निर्णय योग्य होता, पण निश्चिंत करणारा नव्हता. कारण मुदतीचा मेळ तरीही बसला नाही. फायरफॉक्स ३.० चा आधारही मार्च २०१० मध्ये संपला आणि उबुंटू ८.०४ ची तीन वर्षे मे २०११ पर्यंत होती. शेवटी २०१० साली कॅनॉनिकलने जुन्या उबुंटूतही थेट फायरफॉक्स ३.६ देऊन टाकला. आपल्या भाषेत बोलायचे तर मुदतवाढ न देता नूतनीकरण केले. पुढे जून २०११ पासून फायरफॉक्सची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येऊ लागली, तेव्हा 'कोणती आवृत्ती सोबत द्यावी' हा प्रश्नच बऱ्याच अंशी विरून गेला. ज्यांना स्थैर्य हवे अशा संस्थांसाठी जानेवारी २०१२ पासून सुमारे वर्षभर टिकणारी स्वतंत्र 'विस्तारित आधार' आवृत्ती निघाली. डेबियनसारखी सावध वितरणे आज तीच देतात.

उलट टोकाचे उदाहरण

वेळ चुकणे म्हणजे नेहमी घाई करणेच असे नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपीसोबत घरोघरी पोहोचला. त्यानंतर पाच वर्षे मायक्रोसॉफ्टने नवी आवृत्ती दिलीच नाही. नवा ब्राउझर पुढच्या विंडोजसोबतच द्यायचा असे धोरण होते आणि ती विंडोज, म्हणजे व्हिस्टा, लांबत गेली. दरम्यान नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला. फेब्रुवारी २००५ मध्ये बिल गेट्स यांनी जाहीर केले की इंटरनेट एक्सप्लोरर ७ हा एक्सपी वापरणाऱ्यांनाही मिळेल. तो १८ ऑक्टोबर २००६ रोजी आला. व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली ३० जानेवारी २००७ रोजी.

येथे मायक्रोसॉफ्टने एक चांगली आणि एक फसलेली गोष्ट केली. हा ब्राउझर स्वयंचलित दुरुस्तीतून पाठवला जाणार असल्याने, ज्या संस्थांची अंतर्गत प्रणाली जुन्याच ब्राउझरवर बेतलेली होती त्यांच्यासाठी तो अडवून ठेवण्याचे साधन आधीच उपलब्ध करून दिले गेले. बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालये यांना त्यामुळे आपली पाने तपासून घेण्यास अवधी मिळाला. फसलेली गोष्ट म्हणजे, नव्या रचनेत वरची परिचित मेनूपट्टी लपवून ठेवण्यात आली होती. वर्षभराने, ऑक्टोबर २००७ च्या सुधारित आवृत्तीत ती पट्टी मुकाट्याने परत दाखवण्यात आली. इतकी मोठी कंपनी आणि तिला एका पट्टीपायी माघार घ्यावी लागली, याचे काही वाचकांना हसू येईल. परंतु काउंटरवर बसणाऱ्याला त्यात आश्चर्य वाटणार नाही. पैसे भरण्याच्या चिठ्ठीचा नुसता रंग बदलला तरी आठवडाभर काय होते, हे आपण सारेच जाणतो.

पाच वर्षांच्या त्या थांब्याचे परिणाम मात्र दीर्घकाळ राहिले. असंख्य संस्थांनी आपली संकेतस्थळे एकाच ब्राउझरच्या वैशिष्ट्यांवर बेतली आणि नंतर तीच त्यांची बेडी झाली. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी अधिकृतरीत्या निवृत्त झाला. तरी एज या नव्या ब्राउझरमध्ये जुन्या पानांसाठी जो खास कप्पा ठेवला आहे, तो किमान २०२९ पर्यंत चालू राहील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.

हिरवी पट्टी आणि कुलूप

बँकेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग हा की ग्राहकाला सुरक्षिततेची जी खूण आपण शिकवतो, ती खूणच ब्राउझरच्या नव्या रचनेत बदलते. इंटरनेट एक्सप्लोरर ७ पासून, संस्थेची विशेष पडताळणी करून दिलेल्या प्रमाणपत्राचे संकेतस्थळ उघडले की पत्त्याची पट्टी हिरवी होऊ लागली. बँकांनी ग्राहकांना आवर्जून सांगितले की हिरवी पट्टी पाहिल्याशिवाय पासवर्ड टाकू नका. ग्राहकांनी ते आत्मसात केले. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये क्रोम ७७ ने आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये फायरफॉक्स ७० ने ही खूण पट्टीतून काढून टाकली, कारण वापरकर्ते तिच्या असण्या-नसण्याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत असा त्यांचा निष्कर्ष होता. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोम ११७ ने कुलपाचे चित्रही बदलले. बनावट संकेतस्थळांवरही कुलूप दिसत असल्याने 'कुलूप म्हणजे विश्वासार्ह' हा समज घातक ठरत होता.

दोन्ही निर्णयांमागचे तर्क मला पटतात. पण ज्या ज्येष्ठ ग्राहकाने आपल्या सांगण्यावरून हिरवी पट्टी हीच खूण धरली होती, त्याला ती गेल्याचे कोणी सांगितले? ब्राउझर करणाऱ्याने सांगितले नाही; आणि आपल्याकडची सूचनापत्रके बदलायला वेळ लागतो. म्हणून सहकाऱ्यांना सुचवावेसे वाटते की ग्राहकाला रंग वा चित्र शिकवू नये, बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचायला शिकवावे. पत्ता वाचण्याची सवय ब्राउझर बदलला तरी उपयोगी पडते.

चुकीच्या आठवड्यातील बरोबर बदल

३१ मार्चच्या आसपास आपल्याकडे प्रिंटरची फीत बदलायलाही कोणी धजत नाही. प्रणालीतील बदल या काळात गोठवून ठेवण्याची बँकांची पद्धत जुनीच आहे. ब्राउझर करणाऱ्यांना मात्र जगातील प्रत्येक देशाचे मार्चअखेर सांभाळणे शक्य नसते. तरीही २०२० साली त्यांनाही थांबावे लागले.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून क्रोम ८० मध्ये 'कुकी' या ओळखचिठ्ठीविषयीचा एक कडक नियम हळूहळू लागू होत होता. एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाऊन परत येताना ओळखचिठ्ठी सोबत पाठवायची की नाही, याविषयीचा हा नियम होता. भारतात ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसरी पडताळणी आवश्यक आहे. दुकानाच्या पानावरून ग्राहक बँकेच्या पानावर जातो, सांकेतिक अंक भरतो आणि पुन्हा दुकानाच्या पानावर येतो. या येण्याजाण्यात ओळखचिठ्ठी गळाली तर पैसे खात्यातून जातात आणि दुकान ग्राहकाला ओळखत नाही. ज्या संकेतस्थळांनी वेळेत दुरुस्ती केली नव्हती, त्यांच्यापुढे हा धोका होता. नियम सुरक्षिततेच्या दृष्टीने हवाच होता. पण मार्चमध्ये जगभर टाळेबंदी सुरू झाली, आपल्याकडे ती २५ मार्चला आली, आणि घरबसल्या बँक, किराणा व औषधे एवढाच आधार उरला. ३ एप्रिल रोजी गूगलने हा नियम मागे घेतला आणि जुलैमध्ये तो पुन्हा लागू करण्यास आरंभ केला. क्रोमच्या ८१ व्या आवृत्तीची तारीखही पुढे गेली आणि ८२ वी तर काढलीच नाही. मोझिलानेही मार्चमध्ये फायरफॉक्स ७४ मधून काढलेले जुने सांकेतीकरण परत चालू केले, कारण महामारीची माहिती देणारी काही सरकारी संकेतस्थळे त्यावाचून उघडत नव्हती.

ज्यांची संकेतस्थळे मागे राहतात त्यांच्यासाठी किती काळ थांबायचे, हा यातील खरा कठीण भाग आहे. ठेकेदार ग्राहकांना आठवत असेल, ई-निविदा भरताना डिजिटल स्वाक्षरीसाठी अनेक ठिकाणी जावाचे पूरक साधन लागत असे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये अशा साधनांचा आधार काढून घेतला. फायरफॉक्सच्या ५२ क्रमांकाच्या विस्तारित आवृत्तीत तो २०१८ पर्यंत शिल्लक होता, म्हणून कित्येक कार्यालयांत एक जुना संगणक केवळ निविदेसाठी राखून ठेवलेला दिसे. त्यावर इतर काही करू नये असा अलिखित नियम असे. तो पाळला जाई की नाही, हा भाग वेगळा.

रिझर्व्ह बँकेने एटीएमच्या बाबतीत याहून वेगळी वाट धरली. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता, तरी अनेक एटीएम तीवरच चालत होती. २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बदलाचे हप्ते बांधून दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे. एकदम बदलही नाही आणि अनिश्चित मुदतवाढही नाही. ब्राउझर करणाऱ्या कंपन्याही आता आवृत्ती आधी थोड्या टक्के संगणकांवर पाठवून मगच सर्वांना देतात.

भारतीय ब्राउझरचा प्रश्नही आता याच टप्प्यावर आला आहे. ब्राउझर कोणाच्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवतो हे त्याच्या निर्मात्याने ठरवलेले असते. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या संकेतस्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले, तेव्हा गूगलने भारताच्या मूळ प्रमाणपत्राचा क्रोममधील अधिकार सरकारी आणि इतर काही मोजक्या पत्त्यांपुरता मर्यादित केला. या पार्श्वभूमीवर ९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. भारतीय मूळ प्रमाणपत्रे अंगभूत असावीत, भारतीय भाषा चालाव्यात आणि टोकन लावून डिजिटल स्वाक्षरी थेट ब्राउझरमध्येच करता यावी, अशी अपेक्षा होती. २० मार्च २०२५ रोजी निकाल लागून झोहो कंपनीला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. यातील स्वाक्षरीची सोय प्रत्यक्षात उतरली, तर निविदेसाठी राखून ठेवलेल्या त्या जुन्या संगणकांची गरज संपेल.